जमिनीला लावलेला कान

पक्षी बघणारी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली. गळ्यात दुर्बीण, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि चेहऱ्यावर आपण जगावर उपकार करतोय असा भाव. मला पक्षी पहिल्यांदा ज्यांनी दाखवले, ते मात्र ओणवे व्हायचे, दोन पायांच्या मधून डोकं घालायचे आणि तसे उलटे होऊन पक्षी पाहायचे. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, इस्त्रीची पँट घातलेला गृहस्थ ओमानमधल्या सूरच्या किनाऱ्यावर भर सकाळी असा वाकलेला दिसला की नवखा माणूस चरकायचाच. तिथल्या कोळ्यांना सवय झाली होती. ते हसायचे, 'हिंदी मजनून', म्हणजे वेडा हिंदुस्थानी, म्हणायचे आणि आपल्या जाळ्यांकडे वळायचे.

या वाकण्याला कारण होतं. ते सर्व्हेअर होते, जमिनीची मोजणी करायचे. कॉलेजात ज्या जुन्या लेव्हलवर, म्हणजे जमिनीचे चढउतार मोजायच्या यंत्रावर, ते काम शिकले, तिच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं. माणसाचं डोकं खाली, पाय वर. पुढे सरळ दाखवणारी यंत्रं आली, कंपनीनं जुनी लेव्हल भंगारात काढली, ती यांनी तिपाईसकट घरी नेली आणि तिच्यातून पक्षी पाहायला लागले. इतकी वर्षं उलटे पक्षी पाहिल्यावर सुलटा पक्षी त्यांना ओळखूच येईना. मग यंत्र जवळ नसलं की ते स्वतःच उलटे व्हायचे.

"सरळ दिसलं की वाटते, कोणीतरी आधीच दुरुस्त करून ठेवलं आहे," असं ते म्हणायचे. ते नागपूरकडचे होते. आम्ही मुलं त्यांना उलटे काका म्हणायचो, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

आई त्यांना भाऊजी म्हणायची आणि मनसोक्त चिडवायची. लहान मूल असं वाकून पायांतून बघायला लागलं की घरात पाहुणा येणार, असं आमच्याकडे म्हणतात. आई म्हणायची, "भाऊजी, एवढा मोठा बाप्या वाकलाय, आता कोण येणार आहे ते तरी सांगा." काका त्या उलट्या अवस्थेतूनच उत्तर द्यायचे, "येईल तो सांगून थोडीच येते, वहिनी."

बाबा आणि ते एकाच कंत्राटदार कंपनीत होते. बाबा विजेच्या कामाचे इंजिनियर. मी अगदी लहान असताना आम्ही सूरला राहायचो, मग बाबांची बदली मस्कतला झाली आणि आम्ही वादी कबीरच्या एका फ्लॅटमध्ये आलो. काका सूरलाच राहिले. मस्कतमधल्या कुरुमच्या हेड ऑफिसात काही काम निघालं की ते आमच्याकडे मुक्कामाला यायचे. येताना सुकवलेले मासे आणायचे आणि आई त्यांच्यासाठी कोकणातून आणलेली शेवटची सोलं काढायची. आई-बाबा चिपळूणचे. परदेशात शेवटची सोलं कोणासाठी काढली जातात यावरून माणसाची किंमत कळते.

देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ते बौद्ध होते, भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती, पण तिच्यापुढे हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की 'सगळं थोतांड आहे' म्हणून उठून जायचे. आणि हाच माणूस पक्षी समोर असताना त्याचं नाव घेऊ द्यायचा नाही. आम्ही विचारलं, काका, हा कोणता? तर ओठांवर बोट. पक्षी उडून दिसेनासा झाला की हलक्या आवाजात सांगायचे, "सुरय होता." का असं, म्हटल्यावर म्हणायचे, "समोर असताना नाव घेऊ नये. ऐकतात." थोतांड न मानणाऱ्या माणसानं असं सांगितलं की जास्तच भीती वाटते.

आणखी एक सवय होती. चालता चालता, बोलता बोलता ते मध्येच थांबायचे, खाली बसायचे आणि उघडा तळहात जमिनीवर ठेवायचे. तापलेल्या वाळूवरसुद्धा. तोंडातलं वाक्य अर्धंच राहायचं. थोड्या वेळानं हात झटकून उठायचे आणि राहिलेलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू करायचे. जमिनीत काम करणाऱ्या माणसाची खोड, असं बाबा म्हणायचे. माझ्या धाकट्या भावाला मात्र खात्री होती की काकांना खालून कोणीतरी काहीतरी सांगतं.

आता जे सांगायला हवं ते सांगते. आम्ही सूरला होतो तेव्हा मला एक भाऊ झाला होता. आत्ता ज्याचा उल्लेख केला तो धाकटा नव्हे, त्याच्या आधीचा. तो दिवस भरण्याआधीच जन्मला आणि बारसं व्हायच्या आत गेला. एवढ्या लहान मुलाला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आई इस्पितळात पडून होती. तिनं त्याला नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. गावाबाहेर परधर्मीयांसाठी एक मोकळी जागा होती, तिथे बाबा आणि काका त्याला घेऊन गेले आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले. त्या जागेवर दगड नाही, पाटी नाही. आमच्या घरात त्याच्याबद्दल बोलायचं नाही असा नियम कोणी केला नव्हता, पण पाळत सगळे होते. फक्त आई कधीतरी, भाजी निवडताना वगैरे, बाबांना विचारायची, "जागा कशी आहे हो ती?" बाबा म्हणायचे, "वाळूच आहे सगळी. काय सांगू?"

मग बाबांनी कायमचं परत जायचं ठरवलं. माझं मराठी धड नव्हतं, भावाचं तर बोलायलाच नको, आम्ही दोघं आपसात इंग्रजीतच भांडायचो. चिपळूणला घर होतं. सगळं ठरलं, आणि आई अडून बसली. रडली-ओरडली नाही, नुसती सामान बांधेना. बाबांनी एक खोका भरला की दुसऱ्या दिवशी तो रिकामा व्हायचा. अखेर एकदा जेवताना तिनं सरळ विचारलं, "आपण गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार?" बाबांनी पानावरून मान वर केली नाही.

त्या वर्षी सुट्टीत आम्ही भारतात गेलो नाही, सूरला गेलो. बाबांना वाटलं, चार दिवस समुद्राची हवा खाल्ली की ही निवळेल. आम्हाला सांगण्यात आलं की उलटे काका पक्षी दाखवणार आहेत.

आणि दाखवलेही. सूरला समुद्राचं पाणी एके ठिकाणी आत शिरून मोठं उथळ तळं झालं होतं. त्याच्या काठी काका तिपाई रोवायचे आणि आम्ही आळीपाळीनं डोळा लावायचो. काचेत पाणी वर आणि आभाळ खाली. त्या वरच्या पाण्याला फ्लेमिंगो लोंबकळत उभे. उष्म्यानं हवा हलत असायची, त्यामुळे त्यांचे पाय कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. ते सगळे एकदम थांबायचे, एकदम चालायचे, आणि आवाज अजिबात नाही. एकदा मी पाहत असताना काचेत आई आली. ती काठाकाठानं एकटीच लांब चालली होती, डोकं खाली, पदर वरच्या दिशेला उडतोय. मला वाटलं, ही आता पडणार. खाली नाही, आभाळात. मी डोळा काढला तर ती नुसती शांतपणे चाललेली होती. पण परत काचेतून बघायचं धाडस मला झालं नाही.

आईच्या लक्षात आलं ते आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. काका रोज सकाळी तिपाई लावली की दुर्बीण आधी समुद्राच्या उलट्या बाजूला फिरवायचे. तिकडे एक पडका बुरूज आणि ओसाड मैदान होतं, बाकी काही नाही. तिथे बराच वेळ पाहायचे, स्क्रू फिरवायचे, परत पाहायचे. मग समाधानानं दुर्बीण पाण्याकडे वळवायचे. एकदा माझ्या भावानं मध्येच घुसून डोळा लावला.

"काका, इकडे बर्ड नाहीये. नथिंग."

"आहे ना," काका म्हणाले. "दिसून नाही राहिलं, एवढंच."

आई मागे उभी होती. तिच्या हातातला चहाचा थर्मास बंद करायचा राहिला आणि चहा वाळूत सांडला.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा सामान गाडीत भरत होते. आई काकांपुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, मला तिकडे न्या."

काकांनी कुठे म्हणून विचारलं नाही. बाबा म्हणाले, "यल्ला, चला, ऊन चढतंय, मुलं आहेत बरोबर, आता कुठे?"

"तुम्ही गाडीत बसा," आई म्हणाली.

यावर बाबांनी हातातली बॅग खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "तेव्हाही मी गाडीतच बसलो होतो. माझ्यानं उतरवलंच नाही. यांनी एकट्यानं केलं सगळं. मला जागा माहीतच नाही गं." इतकी वर्षं 'वाळूच आहे सगळी' का म्हणत होते ते मला तेव्हा कळलं. त्यांनी खरंच तेवढंच पाहिलं होतं.

आईनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला."

आम्ही सगळेच गेलो. बुरुजापाशी गाडी थांबवून पुढे चालत. वारा पडलेला होता. पायाखालची जमीन कडक, मिठानं पांढरी पडलेली, आणि आमच्या सावल्या पायापाशीच. काका पुढे होते. ते बुरुजाच्या कोपऱ्याकडे एकदा बघायचे, मागच्या एका काळ्या खडकाकडे एकदा बघायचे आणि डावी-उजवीकडे सरकायचे. जागा दगडावर नाही, नजरेच्या रेषांवर ठेवली होती त्यांनी, सर्व्हेअर ठेवतात तशी. मग थांबले. तिथे जमिनीत एक भोक होतं. माझी मूठ जेमतेम आत जाईल एवढं, तिरकं आत गेलेलं. तोंडाशी ताज्या मातीचा छोटासा उतार.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून काहीतरी हिरवं सपकन गेलं आणि त्या भोकात शिरलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन बुरुजाकडे गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत काका गप्प होते.

"वेडा राघू," ते म्हणाले. "जमिनीत बीळ करून अंडी घालते. मी पुढच्या वर्षी पाहायला आलो, तर हे भोक. तेव्हापासून दर वर्षी. एवढं मैदान पडलेलं आहे, पण दुसरीकडे कुठे करत नाही. इथेच."

बाबा दचकले. "अहो, काय बोलताय! इथेच म्हणजे?"

"बीळ खोल नसते, साहेब. हातभर. त्याच्यापर्यंत जात नाही." मग ते आईकडे वळले. "त्यात नवल काही नाही, वहिनी. एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी घट्ट होत नाही. वरून कळत नाही, पण त्यांना कळते. मऊ लागली की ते तिथेच येतात."

किती साधं कारण होतं. आणि ते ऐकून माझ्या पाठीवर, त्या उन्हात, काटा आला.

काकांनी तळहात जमिनीवर ठेवला. मग म्हणाले, "पिल्लं आहेत. बोलून राहिले आत. ऐका."

आई गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली आणि तिनं कान जमिनीला लावला. पदर डोक्यावरून घेतला होता, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. मीही जरा अंतरावर कान टेकला. जमिनीनं गाल भाजला. आधी काही नाही, नुसतं माझंच रक्त. मग खालून, जमिनीच्या पोटातून, आवाज आला. बारीक, थरथरता, एकाला एक लागून, कोणीतरी झोपेत बडबडावं तसा. थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. पक्ष्यांची पिल्लं आहेत हे मला माहीत होतं, आत्ताच सांगितलं होतं. तरी मी उठून बाबांना चिकटले. भाऊ तर आधीच गाडीकडे पळाला होता.

आई उठेना. बाबांनी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती म्हणाली, "थांबा, तो बोलतोय." बाबा थांबले. काका पाठ फिरवून उभे होते.

शेवटी ती उठून बसली. एका गालावर वाळू चिकटली होती. ती तिनं पुसली नाही. काकांना म्हणाली, "भाऊजी, आम्ही गेल्यावर?"

"मी आहे ना."

"तुम्हीही जाल कधीतरी गावाला."

"अर्बाब सोडत नाही," काका म्हणाले. ते खोटं होतं. मालक त्यांना दर वर्षी रजा देत होता आणि ते दर वर्षी नाही म्हणत होते. बाबांना ते माहीत होतं, आईलाही असावं. पण वादी कबीरला आल्यावर तिनं भरलेला खोका परत रिकामा झाला नाही.

चिपळूणला आल्यावर पहिल्या जूनमध्ये फोन वाजला. पलीकडे काका. हवापाण्याचं काही नाही, "आले, वहिनी" एवढंच, आणि फोन बंद. दुसऱ्या वर्षीही तेच. मग तिकडे मोबाइल सहज मिळायला लागले, काकांनी एक घेतला आणि त्या जूनमध्ये 'आले' म्हणून झाल्यावर म्हणाले, "थांबा, ठेवतो." त्यांनी फोन त्या भोकाच्या तोंडाशी ठेवला. आईनं मला गॅस बंद करायची खूण केली, कुकर शिटीच्या बेतात होता. समुद्रापलीकडच्या जमिनीखालचा तो आवाज आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती ऐकत राहिली. मी एकदा रिसीव्हरला कान लावला होता. खरखर होती, आणि खरखरीच्या आत तो होता. नंतर मी पुन्हा मागितला नाही. बाबा अशा वेळी गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

हे कैक वर्षं चाललं. मी कॉलेजात गेले, भाऊ चांगलं मराठी बोलायला लागला, शिव्यांसकट. आई कुठेही लग्नाला, यात्रेला जायची, पण जूनमध्ये घर सोडायची नाही. शेजारणींना सांगायची, फोन यायचा असतो.

एका हिवाळ्यात बाबांच्या जुन्या ऑफिसातून निरोप आला की काका गेले. झोपेतच. सूरच्या त्या भाड्याच्या घरात, तिपाईशेजारच्या खाटेवर. भावांनी त्यांना नागपूरला नेलं. बाबा खूप रडले, लहान मुलासारखे. आई रडली नाही. तिनं जेवताना इतक्या वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारला, "आता त्याच्याकडे कोण बघणार?"

जून आला. आई फोनजवळ बसून राहायला लागली. फोन येणार नाही हे तिलाही कळत होतं. एका सकाळी फोन वाजला आणि मीच उचलला.

"मदाम को दो," एक म्हातारा आवाज हिंदीत म्हणाला. "मैं सूर से."

कोण, म्हणून विचारलं. तो काकांचा घरमालक होता, ओमानी, तरुणपणी गलबतावरून मुंबईला येजा केलेला, तिथेच हिंदी शिकलेला. धापा टाकत सांगत होता, "वो मेरे को जगह दिखाया था. बोला, मैं नहीं रहेगा तो तुम करना, हर साल. मैं बोला इन्शाल्ला. मेरा घुटना खराब है, आज बेटा गाड़ी में लाया. चिड़िया आ गया है. मदाम को दो, मैं नीचे रखता हूँ."

मी रिसीव्हर आईच्या हातात दिला. ती उभी होती ती खाली बसली, फरशीवर. दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाला धरून ऐकत राहिली. या खेपेला बाबा गॅलरीत गेले नाहीत. दारातच थांबले.

बऱ्याच वेळानं पलीकडे त्या म्हाताऱ्यानं फोन उचलला असावा, कारण आई बोलायला लागली. "सुना, चाचा. मेरा बच्चा ठीक है. बहुत धूप है, अब आप घर जाओ." माझं बाळ, हे तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, तेही हिंदीत, एका अनोळखी म्हाताऱ्याशी बोलताना.

तिनं फोन ठेवला. पदरानं तोंड पुसलं आणि बाबांकडे बघून, दूधवाला येऊन गेला म्हणून सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आज आत भाऊजीपण होते. बोलत होते त्याच्याशी."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते हिला समजावतील, निदान जवळ तरी बसवतील. पण त्यांचे खांदे सैल झाले.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "म्हणजे आता एकटा नाही तो."